बडोद्यात नऊ वर्षांच्या मुलीला एडीएचडीसाठी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा विकार) कॉम्प्युटरवरची टेस्ट सांगितली आहे. त्या टेस्टवरून निदान पक्कं होतं का?

एकट्या टेस्टवरून होत नाही. तरी करून घ्या. तुम्ही लिहिलंय की मुलगी शांत आहे, कुणाला त्रास देत नाही आणि शाळेतल्या बाई "हुशार आहे, पण लक्ष नसतं" एवढंच म्हणतात. अशा मुली शिक्षक-पालकांनी भरायच्या लक्षणांच्या प्रश्नावलीतून अनेकदा निसटतात, कारण बाईंच्या डोळ्यांत भरतो तो सारखा बाकावरून उठणारा मुलगा. अशा मुलींसाठी या टेस्टचा उपयोग होऊ शकतो.

पडद्यावर एकामागून एक अक्षरं किंवा आकृत्या येतात. ठरलेल्या खुणेला बटण दाबायचं, बाकीच्या सोडायच्या; कॉनर्समध्ये उलट, X सोडून बाकी सगळ्या अक्षरांना दाबायचं. काम मुद्दाम कंटाळवाणं ठेवलेलं असतं. कॉनर्स टेस्ट १४ मिनिटांची, टोव्हा जवळजवळ २२ मिनिटांची. क्यूबी टेस्ट तिच्या वयाला १५ मिनिटांची. तिच्यात डोक्याच्या पट्टीवरच्या खुणेवरून कॅमेरा हालचालही मोजतो. कोणती करणार ते आधी विचारा. कॉनर्समध्ये इंग्रजी अक्षरं येतात. घरी मराठी, अंगणात गुजराती आणि इंग्रजी अक्षरं अजून कच्ची, असं असेल तर आकृत्यांची टेस्ट मागा.

रिपोर्टमध्ये सुटलेल्या खुणा, भलत्या वेळी दाबलेलं बटण, प्रतिसादाला लागलेला वेळ आणि त्या वेळातला चढउतार दिसतो. मी चढउतार आधी बघते. एडीएचडी असलेलं मूल सरसकट मंद नसतं; चारदा झटकन दाबतं आणि पाचव्यांदा मन भलतीकडे गेलेलं असतं. कॉनर्सच्या टी-स्कोअरची (त्याच वयाच्या मुलांशी तुलना करून काढलेल्या गुणांची) सरासरी ५०, आकडा जितका वर तितकी अडचण जास्त. टोव्हात सरासरी १०० आणि तिथे आकडा खाली गेला तर अडचण. हा उलटा हिशेब माहीत नसला की पालक उगाच घाबरतात किंवा उगाच निश्चिंत होतात.

चुका बहुतेक टेस्टच्या दिवशीच होतात. नवरात्रात गरब्याहून रात्री एकला परतलेल्या मुलीची दुसऱ्या दिवशी टेस्ट घेतली तर जागरणच मोजलं जाईल. सकाळी, पोटभर नाश्ता करून, चष्मा असेल तर लावून न्या. आई-बाबांनी मागे बसून "नीट बघ गं" म्हणायचं नाही. सरावाचा भाग तिला नीट कळल्याशिवाय खरी टेस्ट सुरू करू देऊ नका. आणि टेस्टसोबत आलेलं बटण बाजूला ठेवून कुठलाही ब्लूटूथ कीबोर्ड वापरत असतील तर सरळ आक्षेप घ्या, कारण इथे मोजमाप मिलिसेकंदात असतं.

टेस्टच्या आधी नजर, कान, झोपेतलं घोरणं आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहते का, हेही डॉक्टरांना सांगा. काही फिट्स तशाच दिसतात.

निदानाचा आधार मात्र मुलीच्या वागण्याचा इतिहासच. डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) प्रमाणे दुर्लक्षाच्या किंवा चंचलपणाच्या ९ लक्षणांपैकी किमान ६, निदान सहा महिने, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि दोन ठिकाणी तरी, म्हणजे घरी आणि शाळेत, दिसणारी हवीत. शिवाय त्यांनी रोजचं काम अडलं पाहिजे. प्रश्नावली बाईंनी स्वतः भरावी, तुमच्यासमोर नको. घरची आजीला विचारून भरत असाल तर प्रश्न मराठीत समजावून सांगा.

टेस्टचा रिपोर्ट आणि हा इतिहास यांचा मेळ बसला नाही तर सरासरी काढू नका. रिपोर्ट वाईट पण घरी-शाळेत सगळं ठीक असेल, तर झोप, भीती, शिकण्यातली अडचण शोधा. रिपोर्ट चांगला पण दोन्हीकडच्या तक्रारी ठाम असतील, तर एडीएचडी नाही असं समजू नका. शांत खोलीत, नव्या यंत्रासमोर हुशार मूल २० मिनिटं निभावून नेतं. इंग्लंडमधल्या २०१८ च्या अभ्यासात क्यूबी टेस्टचा रिपोर्ट हाताशी असलेल्या डॉक्टरांचा निर्णय लवकर झाला आणि अचूकता घटली नाही; तिथेही मुलाखत आणि प्रश्नावल्या होत्याच. मेंदूच्या लहरींवरून एडीएचडी सांगणाऱ्या ईईजीवर मात्र पैसे घालू नका.

औषध सुरू झालंच तर मूळ रिपोर्ट जपून ठेवा. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाची साधी गोळी घेतल्यावर साधारण दीड तासाने तीच टेस्ट पुन्हा घेतली की डोस लागू पडतोय का, ते त्याच आकड्यांशी ताडून बघता येतं.