मुलगा परत आला, म्हणजे काही बिनसले का?

परदेशातील चांगली नोकरी सोडून मुलगा गावातच राहायचे म्हणतो, त्याच्या मनावर काही परिणाम झाला असेल का, हा प्रश्न घेऊन येणारे पालक आता यवतमाळसारख्या जिल्ह्यातही भेटू लागले आहेत. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतका तपशील बदलून, येथे देत आहे.

दारव्हा तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी पत्नी आणि मुलाला घेऊन आले आणि खुर्चीत टेकण्यापूर्वीच त्यांनी प्लॅस्टिकचे फोल्डर उघडले. त्यात मुलाच्या जर्मनीतील नोकरीचे पत्र, राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र आणि मुदत शिल्लक असलेल्या निवास परवान्याची झेरॉक्स होती. "लोक इचारतात, काढून देल्लं काय तिकडून? मंग मी हे दाखवतो," ते म्हणाले.

मुलाशी मी स्वतंत्रपणे बोलले. पालकांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नसतेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काही असते तर मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तिथवर जाणे जमत नसेल त्यांच्यासाठी शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहेच. परंतु तसे काहीच आढळले नाही. परतण्याचा विचार त्याने दोन वर्षे केला होता, बचत बाजूला ठेवली होती आणि एका मित्रासोबत शेती अवजारांच्या वर्कशॉपसाठी जागाही पाहिली होती. घाईने, पळ काढण्यासाठी घेतलेला निर्णय असा दिसत नाही.

जर्मनीने २०२४ साली नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट आठवरून पाच वर्षांवर आणली, तेव्हा अर्ज करण्याचा आग्रह गुरुजींनीच धरला होता. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट परत करावा लागला असता. पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते कार्ड, मिळाले तरी मतदानाचा हक्क राहत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, हे मुलाने त्यांना समजावले होते. दर पंधरा ऑगस्टला शाळेत देशाभिमानावर बोलणाऱ्या माणसाला या देशात, त्यातही आपल्याच गावात, कोणी आपखुशीने राहील हे मात्र पटत नव्हते. हा विरोधाभास एकट्या गुरुजींचा नाही, आपल्याकडे तो घरोघरी आहे.

पुढच्या भेटीत त्यांनी वेगळीच तोड काढली. गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेहून परतले आणि पुढे शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले, तसा आपला मुलगा देशसेवेसाठी आला, असे ते गावात सांगू लागले होते. मुलगा यावर पहिल्यांदाच चिडला. "मी कसलाही त्याग केलेला नाही. उद्या मला पुन्हा जावंसं वाटलं, तर मी देशद्रोही ठरणार का?"

मला त्याचे म्हणणे रास्त वाटले. 'हरून आला' आणि 'देशासाठी आला' ही दोन्ही उत्तरे लोकांच्या सोयीची आहेत, कारण दोन्हींत त्याला स्वतःला काय हवे होते हे विचारण्याची गरजच उरत नाही. शेजाऱ्याचा मुलगा असा परतला असता तर तुम्ही काय म्हटले असते, असे मी गुरुजींना विचारले. "जमलं नसन तिकडं, असंच म्हनलो असतो," त्यांनी प्रांजळपणे सांगितले. त्यानंतर तिघांनी मिळून चौकशी करणाऱ्यांसाठी एकच वाक्य ठरवले: "त्याले इथंच राह्यचं हाये." फोल्डर दाखवणे थांबवण्याची सूचना माझी होती, ती पाळायला गुरुजींना बराच वेळ लागला.

आईची काळजी निराळी आणि अधिक व्यवहारी आहे, कारण गावात राहणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे आज खरोखरच कठीण झाले आहे. लग्नाच्या बायोडाटात 'जर्मनी रिटर्न' लिहायचे की नाही, यावर मायलेकांचे अजून एकमत झालेले नाही.