भांडणात वीस मिनिटं थांबा

अगं, लग्नाला वर्षही झालं नाही, त्यात नवऱ्याचं मार्च एंडिंग आणि सासऱ्यांचं ऑपरेशन. घरात आवाज चढणारच, त्याला घाबरू नकोस.

आधी वेळ बघ. तो मकरपुऱ्याहून दमून आलाय, बूट काढतोय, तेवढ्यात बिलाचं विचारू नकोस. जेवण होऊ दे. मग 'तू नेहमीच विसरतोस' असं म्हणण्यापेक्षा 'बिलाची मला धास्ती वाटतेय, उद्या कोण भरेल ते ठरवू या' असं म्हण. आरोप झाला की माणूस बिल विसरतो आणि स्वतःची बाजू मांडत बसतो.

तरीही भडका उडालाच, तर थांबा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचे वाद प्रयोगशाळेत अभ्यासले. ते सांगतात, हृदयाचे ठोके मिनिटाला 100च्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. दांडिया बाजारातच तर राहतेस, सुरसागर तलावाला फेरी मारून ये. मात्र न सांगता जाऊ नकोस. 'अर्ध्या तासात येते, मग बोलू' एवढं सांग, आणि खरंच येऊन बोल. चालताना मनात त्याला उत्तरं देत राहिलीस, तर राग उतरणार नाही. अबोला तर मला भांडणापेक्षा वाईट वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर भांडू नका. आणि हे सगळं तू एकटीने सांभाळायचं नाहीये, त्यालाही वाचून दाखव. त्याने हात उचलला किंवा धमकावलं, तर मात्र यातलं काहीच लागू नाही: लगेच माहेरी सांग, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन कर.