शिडीचं उत्तर शून्य का येतंय? (रिलेटेड रेट्स, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेले बदलाचे वेग, बारावी)

तुझ्या वहीचा फोटो नीट झूम करून बघितला. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलीये, खालचं टोक सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने बाहेर सरकतंय, ते भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतं, आणि तुझं उत्तर शून्य. म्हणजे खालून शिडी निसटतेय आणि वर मात्र फेविकॉलने चिकटवलीये :) रडू नकोस, मी वागळे इस्टेटला डिझाईनमध्ये होते तेव्हापासून संध्याकाळी मुलांना शिकवतेय, दरवर्षी निम्मा वर्ग हेच करतो.

चूक दुसऱ्याच ओळीत आहे. एक्स म्हणजे खालच्या टोकाचं भिंतीपासूनचं अंतर, वाय म्हणजे वरच्या टोकाची उंची, एक्स² + वाय² = २५ हे बरोबर लिहिलंस, मग लगेच एक्सच्या जागी ३ घातलेस, वाय आला ४, आणि नंतर डिफरन्शिएट करायला, म्हणजे बदलाचा वेग (डेरिव्हेटिव्ह) काढायला, बसलीस. अगं ४ चं डेरिव्हेटिव्ह शून्यच येणार ना, त्यात बदलायला राहिलंय काय. ठाणे स्टेशनात उभं राहून लोकलचा एक फोटो काढ आणि मग नुसत्या फोटोवरून सांग गाडी उभी होती की धावत होती. नाही सांगता येत. तू शिडीचा फोटो काढून त्याला स्पीड विचारतेयस.

५ आधी घातला तर चालतं कारण शिडी कुठेही असली तरी ती ५ मीटरचीच राहते. ३ फक्त त्या एका क्षणापुरता आहे. माझ्याकडच्या मुलांना मी सांगते की गणित वाचताना 'असताना', 'तेव्हा', 'त्या क्षणी' (इंग्लिश पेपर असेल तर 'व्हेन') या शब्दांना चिकटून जो आकडा येतो त्याला पेन्सिलने गोल करा आणि डिफरन्शिएट होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एवढं एक केलंस तरी निम्मे प्रॉब्लेम आपोआप सुटतात, उरलेले भूमितीवर अडतात.

आता तुझंच गणित. दोन्ही बाजू टी (वेळ) च्या संदर्भात डिफरन्शिएट कर, डीएक्स बाय डीटी म्हणजे एक्स बदलण्याचा वेग: २एक्स × डीएक्स बाय डीटी + २वाय × डीवाय बाय डीटी = ०. आता गोल सोड, एक्स ३, वाय ४, डीएक्स बाय डीटी ०.५. डीवाय बाय डीटी = −(३/४) × ०.५ = −०.३७५ मीटर दर सेकंदाला. झालं.

जाता जाता एक गंमत, वरचं टोक जमिनीपासून फक्त १० सेंटिमीटरवर असताना हाच वेग काढून बघ, साधारण २५ मीटर दर सेकंदाला येतो, म्हणजे तासाला ९० किलोमीटर! खरी शिडी असं करत नाही, तिचं वरचं टोक त्याआधीच भिंत सोडतं, आपलं समीकरण मात्र टोक शेवटपर्यंत भिंतीलाच टेकलंय असं धरून चालतं. परीक्षेत हे कोणी विचारत नाही पण डोक्यात असावं.

तुझा दुसरा प्रश्न शंकूच्या टाकीचा (पाणी भरताना पातळी किती वेगाने चढते), त्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण तिथे फॉर्म्युला पाठ करून काही होत नाही. आधी शंकू बाजूला ठेव. आमच्याकडे घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकर येतात ते तू बघितलेच असशील. समजा १०,००० लिटरचा टँकर सोसायटीच्या अंडरग्राउंड टाकीत २० मिनिटांत रिकामा झाला, म्हणजे मिनिटाला ५०० लिटर, म्हणजेच अर्धा घनमीटर. टाकीचा तळ ५ बाय ४ मीटर, म्हणजे २० चौरस मीटर. पाण्याची पातळी मिनिटाला किती वाढेल? ०.५ भागिले २०, अडीच सेंटिमीटर. यात कॅल्क्युलस कुठे वापरलं? कुठेच नाही, कारण पाणी ज्या जागेवर पसरतंय ती जागा तेवढीच राहते.

आता टँकरचा तोच पाईप शंकूत सोड, टोक खाली, वरची त्रिज्या ३ मीटर, उंची ६ मीटर, आणि समज पाणी थांबतच नाहीये. पाणी २ मीटर चढलेलं असताना त्याची त्रिज्या किती? तू ३ घेतलीस. ती टाकीच्या तोंडाची त्रिज्या झाली, पाण्याची नाही! समरूप त्रिकोणाने पाण्याची त्रिज्या नेहमी उंचीच्या निम्मी, म्हणून त्रिज्या आर आणि उंची एच धरली तर आर = एच/२, घनफळ व्ही = पाय (π) × एच³/१२, आणि डिफरन्शिएट केलं की डीव्ही बाय डीटी = (पाय × एच²/४) × डीएच बाय डीटी. एच २ असताना पातळी मिनिटाला साधारण १६ सेंटिमीटर चढते, ४ असताना फक्त ४ सेंटिमीटर. उंची दुप्पट, वेग पाव.

आणि तो पाय × एच²/४ आहे काय ते बघ जरा. पाण्याच्या वरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळच आहे ते! म्हणजे अंडरग्राउंड टाकीला जे केलं तेच इथे केलं, येणारं पाणी भागिले वरचा पसारा, फक्त इथे पसारा दर क्षणी वाढतोय. मला हे स्वतःला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं, कोणी सांगितलंच नव्हतं. आता टाकी कुठल्याही आकाराची येऊ दे, उत्तर आलं की या पद्धतीने ताडून बघायचं, दहा सेकंद लागतात. न्यूटन तर डेरिव्हेटिव्हला फ्लक्शनच म्हणायचा, वाहण्यावरूनच आलेला शब्द आहे तो. आणि लिटरचे घनमीटर आधीच करून घे, १००० लिटर म्हणजे १ घनमीटर, इथे मार्क जातात तेव्हा फार जीवावर येतं.

सावलीचं गणित पटकन सांगते. ठाण्यात तलावपाळीला ४.८ मीटर उंच दिव्यापासून १.६ मीटर उंचीचा माणूस सेकंदाला १.२ मीटर वेगाने लांब चालत जातोय असं धर. समरूप त्रिकोणातून सावली = अंतराच्या निम्मी, म्हणून सावलीची लांबी सेकंदाला ०.६ मीटर वाढते. पण सावलीचं टोक किती वेगाने पळतंय असं विचारलं तर उत्तर १.२ + ०.६ = १.८, कारण टोकाचं अंतर दिव्याच्या खांबापासून मोजायचं, माणसाच्या पायापासून नाही. प्रश्नात 'लांबी' आहे का 'टोक' ते दोनदा वाच. माणूस खांबापासून किती मीटरवर आहे हा आकडा दिलेला असेल तर तो इथे लागतच नाही, तो गोंधळात टाकायला असतो, उगाच कुठेतरी घुसवू नकोस.

राहिलं मायनसचं, सर मार्क कापतात म्हणालीस ते. डीवाय बाय डीटी लिहिताना मायनस हवंच, वाय कमी होतोय. पण प्रश्न 'किती वेगाने खाली येतं' असा असेल तर शेवटच्या ओळीत '०.३७५ मीटर दर सेकंदाला या वेगाने खाली येतं' असं लिही, 'खाली' शब्द आला की मायनस परत लावायचं नाही, तू दोन्ही लिहिलंयस त्याचा अर्थ शिडी वर चाललीये असा होतो.