सासूबाई म्हणतात ग्रहण बाधलं, रिपोर्ट म्हणतो दोन शिंगांचं गर्भाशय

प्रश्न : मी २७ वर्षांची, देवगडजवळ राहते. पहिल्यांदा दिवस गेले ते तिसऱ्या महिन्यात पडलं, नंतरच्या सोनोग्राफीत 'बायकॉर्न्युएट युटेरस' असं आलं. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईनं पोटुशी असताना ग्रहणात विळीवर काहीतरी चिरलं असणार. आई तेव्हापासून रडतेय. मला मूल होईल का?

उत्तर : आधी आईला फोन लावा आणि सांगा रडू नकोस म्हणून. ग्रहणात फणस फोडला काय नि मासळी कापली काय, पोटातल्या बाळाला त्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडे अजून पोटुशीला ग्रहणात उपाशी बसवतात आणि वर काही झालं की जाब परत तिलाच विचारतात, राग येतो हो.

झालं असं की तुम्ही आईच्या पोटात सहा-सात आठवड्यांच्या असताना दोन बारीक नळ्या तयार झाल्या, एक डावीकडे एक उजवीकडे, यांना म्युलर नळ्या म्हणतात. त्यांची वरची टोकं सुटी राहतात त्या गर्भनलिका, आणि खालचे भाग मधोमध येऊन जुळतात त्याचं गर्भाशय, त्याचं तोंड आणि योनीमार्गाचा वरचा भाग होतो. जुळल्यावर मध्ये पडदा उरतो, तो साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत विरतो, दोन खोल्यांमधली भिंत पाडून एकच माजघर करावं तसं. तुमच्यात रिपोर्टप्रमाणे नळ्या वरच्या अंगाला पूर्ण जुळल्या नाहीत, म्हणून वर दोन शिंगं राहिली, बास. ओव्हरी तर वेगळ्याच जागी बनतात, त्यामुळे बीजं आणि पाळी यांचं सहसा काही बिघडत नाही.

पण एक काम करा, थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. साध्या सोनोग्राफीत 'दोन शिंगं' आणि 'आतला पडदा' सारखेच दिसतात, फरक बाहेरून कळतो, गर्भाशयाच्या माथ्यावर १ सेंटिमीटरपेक्षा खोल खाच असेल तर दोन शिंगं, माथा सपाट असेल तर पडदा. गर्भ पडण्याशी जास्त संबंध पडद्याचा, तो दुर्बिणीनं काढता येतो, पण काढायचाच का यावर डॉक्टरांत एकमत नाही तेव्हा घाई नको. दोन शिंगांना बहुधा ऑपरेशन लागत नाही, मूल होऊ शकतं, फक्त बाळ आडवं-पायाळू असणं आणि लवकर डिलिव्हरी होणं जास्त दिसतं म्हणून तपासण्या चुकवू नका. आणि किडन्या दोन्ही आहेत ना तेही बघायला सांगा, त्या नळ्या आणि किडनी शेजारी शेजारीच घडतात, कधीकधी एका बाजूची किडनी नसतेच.

प्रश्न : सुरुवातीला सगळे गर्भ मुलीच असतात, हे खरं का? (मालवणचा कॉलेजकुमार)

उत्तर : नाही रे बाबा. सुरुवातीला प्रत्येकात दोन्ही जोड्या असतात, म्युलर नळ्या आणि वोल्फ नळ्या (यांच्यापासून मुलग्यांच्या वीर्यनलिका बनतात). वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (१९९० मध्ये सापडलं) वृषण घडवायला लावतं, वृषणातून एएमएच नावाचं हॉर्मोन सुटतं आणि म्युलर नळ्या विरघळतात. ते हॉर्मोन नसेल तर त्या राहतात. मुलग्यांतही त्यांचा बारीकसा तुकडा वृषणाच्या टोकाला उरतो, तो कधी पिळला गेला तर पोरगा कळवळतो, आणि पीळ तुकड्याला पडलाय की वृषणालाच हे घरी कळत नाही, म्हणून तेव्हा सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.