ओल, करंट आणि सर्किट : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात आलेल्या पत्रांत ओलीच्या तक्रारी सर्वांत जास्त आहेत. म्हणून या अंकात आधी तेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : टेरेसवरच्या टाकीसाठी बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा अलार्म केला. टाकीत तांब्याच्या दोन वायरी सोडल्या, स्वयंपाकघरात ९ व्होल्टची बॅटरी आणि बझर बसवला. दोन महिने छान चालला. आता टाकी भरून वाहिली तरी वाजत नाही, आणि पाऊस लागून राहिला की टाकी रिकामी असतानाही मधेच बारीक वाजतो. एक वायर हिरवीकाळी पडून झिजली आहे, दुसरी जवळपास शाबूत आहे. असं का?
— वाचक, राजारामपुरी

उत्तर : झिजलेली वायर बॅटरीच्या प्लसकडची आहे, हे तपासून बघा. पाण्यातून सतत एकाच दिशेनं करंट गेला की प्लसकडचं तांबं विरघळून पाण्यात उतरतं. त्या वायरीच्या उरलेल्या भागावर हिरवट थर बसतो, तो करंट अडवतो आणि ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे तो चालू-बंद करणाऱ्या पायाला, पुरेसा करंट मिळत नाही. ते पाणी घरात वापरलं जातं, त्यामुळे उघडं तांबं टाकीत नकोच.

आणखी एक गोष्ट बघा. आवाज बंद करण्याचा स्विच फक्त बझरच्या वायरीत घातला असेल, तर बझर गप्प झाला तरी बेसचा करंट टाकी भरलेली असेपर्यंत पाण्यातून चालूच राहतो. झीज होते ती याच तासांत. स्विच बॅटरीच्या प्लस वायरीतच हवा.

दुरुस्ती अशी करा. वायरींच्या जागी स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू घ्या, ४ मिमी जाडीचे आणि २५ मिमी लांबीचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नट-बोल्टच्या कुठल्याही दुकानात मिळतील. प्लॅस्टिकच्या पट्टीवर दोन सेंटीमीटर अंतरानं बसवा आणि पट्टी ओव्हरफ्लो पाइपच्या किंचित खाली ठेवा, म्हणजे टाकी काठोकाठ भरल्यावरच पाणी लागेल. बॅटरीच्या प्लसकडून १० किलो-ओहमचा रेझिस्टर घालून एक वायर पहिल्या स्क्रूला न्या. दुसऱ्या स्क्रूची वायर थेट बेसला. बझरचा प्लस बॅटरीच्या प्लसला, मायनस कलेक्टरला आणि एमिटर बॅटरीच्या मायनसला. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. कलेक्टर आणि एमिटर उलटे लागले की सर्किट अर्धवट चालतं, आवाज दबका येतो आणि माणूस उगाच बझर बदलत बसतो.

रिकामी टाकी असताना वाजण्याचं कारण म्हणजे ओलसर पट्टीवरून किंवा केबलच्या उघड्या जोडातून झिरपणारा करंट. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १०० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. मग ओलीचा रोध साधारण सव्वा मेगा-ओहमपेक्षा जास्त असेल तोवर ट्रान्झिस्टर चालू होत नाही. तरीही वाजला तर १०० च्या जागी ४७ किलो-ओहम घाला. टेरेसपासून खालपर्यंत केबल लांब असेल, तर याच दोन पायांवर १०० नॅनोफॅरडचा डिस्क कपॅसिटर लावा. शेजारून जाणाऱ्या घरातल्या वायरिंगची गुणगुण त्यानं थांबते.

नवीनच करणार असाल, तर आमची पसंती फ्लोट स्विचला. त्यात तरंगणाऱ्या गोळ्यात चुंबक आणि दांड्यात बंदिस्त रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) असतो, पाण्यातून करंट जातच नाही. मात्र त्यावरून मोटर चालवू नका. रीडचे नाजूक संपर्क बझर किंवा रिलेच्या कॉइलपुरतेच असतात, मोटरच्या करंटनं ते चिकटून बसतात.

प्रश्न : पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा अॅम्प्लिफायर आणि एक एसएमपीएस (मेन्सवरून डीसी देणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) रात्रभर पाण्यात होते. वाळवून चालू करू का?
— वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : नुसतं वाळवून चालू करू नका. पाणी शिरलं तेव्हा ते प्लगला लावलेले आणि चालू होते का, ते आधी आठवा. बंद असतील तर वाचण्याची आशा चांगली आहे. चालू असतील तर वरच्या उत्तरातला प्रकारच बोर्डावर झालेला असतो, फक्त कितीतरी वेगानं. तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात आणि आयसीच्या पायांशी हिरवी पूड दिसते. असा एसएमपीएस टाकून द्यावा.

बंद असलेला उघडण्याआधी एक सावधगिरी घ्या. एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी राहू शकतं. २.२ किलो-ओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पक्कडीत धरून कपॅसिटरच्या दोन पायांवर दहा सेकंद टेकवा, मग मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करण्याची सवय वाईट. ठिणगीनं ट्रॅक उडतो, डोळ्यालाही धोका असतो.

पुराचा गाळ वाळला की पांढरट थर होतो आणि हवेतली ओल धरून ठेवतो, म्हणून तो ओला असतानाच धुतलेला बरा. आधी बटण सेल असेल तर काढा. नळाचं पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन दोन्ही बाजू घासा. नंतर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ओता आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्कोहोल ज्वलनशील आहे, खिडकी उघडी ठेवा. रिले, व्हॉल्यूमचे पॉट आणि कागदी कोनचे स्पीकर धुऊन सुधारत नाहीत, ते बदला.

ऊन नसेल तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ४० वॉटचा पिवळा बल्ब लावा, खोक्याला वर भोकं ठेवा, बल्ब कागदापासून वीतभर लांब राहू द्या आणि दोन दिवस शेकू द्या. घरात कुणी असतानाच बल्ब चालू ठेवा. बोर्ड लवकर वाळतो, ट्रान्सफॉर्मर नाही. वाइंडिंगच्या आतली ओल बाहेरून कळत नाही. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर, असतो. प्रायमरी (मेन्सकडची वाइंडिंग) आणि पत्र्याच्या गाभ्यामध्ये तो लावून घ्या. २ मेगा-ओहमपेक्षा कमी आलं तर आणखी वाळवा, तरी वाढत नसेल तर ट्रान्सफॉर्मर बदला.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड हवाच, म्हणजे फेजच्या वायरीत ६० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथं कामाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. प्लग काढा आणि मग शोधा.

प्रश्न : लाइट गेली की वायफाय बंद पडतं. राउटरच्या १२ व्होल्ट अॅडॉप्टरला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी समांतर जोडली तर?
— वाचक, कसबा बावडा

उत्तर : बॅटरी कधीच भरणार नाही. लेड-अॅसिड बॅटरी भरलेली ठेवायला १३.५ ते १३.८ व्होल्ट लागतात. शिवाय लाइट गेल्यावर बॅटरीचा करंट उलटा अॅडॉप्टरमध्ये शिरतो.

जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अॅडॉप्टर घ्या. त्यापुढे व्होल्टेज आणि करंट दोन्ही जुळवता येणारं स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारं) मॉड्यूल, त्याच्या प्लसवर १एन५८२२ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) आणि मग बॅटरी. करंटची मर्यादा दीड अँपिअर ठेवा. बॅटरी पूर्ण भरल्यावर तिच्या टोकांवर १३.७ व्होल्ट दिसतील असा मॉड्यूलवरचा व्होल्टेजचा स्क्रू फिरवा. बॅटरीपासून राउटरकडे जाणाऱ्या प्लसवर १एन५४०८ चे दोन डायोड एकापाठोपाठ घाला. सुमारे दीड व्होल्ट तिथं पडतात आणि राउटरला १२ च्या आसपास मिळतात. बॅटरीच्या प्लसला लागूनच ३ अँपिअरचा फ्यूज घाला, तो टाळू नका. बॅटरी लहान दिसली तरी शॉर्ट झाल्यावर वायर लाल करते.

राउटर अर्धा अँपिअर घेत असेल तर आठ-दहा तास जातील, एक अँपिअर घेत असेल तर चार-पाच. बॅटरी ११ व्होल्टवर आली की बंद करा.

प्रश्न : गणपतीच्या आराशीसाठी १२ व्होल्टच्या जुन्या अॅडॉप्टरवर चार-चार पांढरे एलईडी रेझिस्टरशिवाय लावले. हिशोबानं १२.८ व्होल्ट होतात, तरी जळाले.
— वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : ट्रान्सफॉर्मरचा जुना अॅडॉप्टर लोड कमी असताना १६ व्होल्टपर्यंत देतो. आधी मोजा. मग चारऐवजी तीन-तीनच्या ओळी करा, तीन एलईडींना ९.६ व्होल्ट लागतात. अॅडॉप्टर खरोखर १२ देत असेल तर उरलेल्या २.४ व्होल्टसाठी प्रत्येक ओळीत १८० ओहम घाला (तपकिरी, करडा, तपकिरी), करंट १३ मिलिअँपिअर येतो. १६ देत असेल तर ४७० ओहम (पिवळा, जांभळा, तपकिरी). दोन्हीकडे पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो. सगळ्या ओळींना मिळून एकच रेझिस्टर लावू नका. एक ओळ तुटली की तिचा करंट बाकीच्यांवर जातो आणि त्या जळतात.