ब्री किंवा कॅमेम्बेर चीजवरची पांढरी बुरशी खायची की काढून टाकायची?

खायची, आणि शक्यतो आतल्या चीजसोबत एकाच घासात. ते मखमली आवरण म्हणजे पेनिसिलियम कॅमेम्बर्टी ही मुद्दाम वाढवलेली बुरशी. चीज बिघडल्याची ती खूण नव्हे. चीज पिकवते तीच. पृष्ठभागावरचं लॅक्टिक आम्ल ती खाऊन टाकते, तिची विकरं प्रथिनं आणि स्निग्धांश फोडतात आणि चीज बाहेरून आत मऊ होत जातं. कापल्यावर मधोमध खडूसारखा घट्ट पांढरा थर दिसला, तर ते अजून पुरतं पिकलेलं नाही. अळंबीसारखा वासही बराचसा या बुरशीमुळेच येतो, आणि साल सोलून टाकली की माझ्या मते अर्धी चवच जाते. फ्रिजमधून काढल्या काढल्या मात्र खाऊ नका. गारव्यात चव दबलेली असते. तासभर बाहेर राहू द्या. वेष्टन उघडताना अमोनियाचा हलका वास आला तर घाबरू नका, तो हवेत विरतो. पण डोळ्यांत झोंबण्याइतका उग्र असेल तर चीज अति पिकलंय. गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ही मऊ चीज न शिजवता खाऊ नयेत, कारण त्यांत लिस्टेरिया जिवाणूंचा धोका असतो.