जंगलाचं मोल मांडताना आधी महिना लिही

प्रिय मित्रा,

तुझ्या आराखड्याचा कच्चा खर्डा वाचला. गडचिरोलीतल्या एका ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क क्षेत्राचं, म्हणजे वनहक्क कायद्यानं गावाच्या हक्कात आलेल्या जंगलाचं, व्यवस्थापन ठरवायचं आहे आणि ‘जंगलाच्या सेवा’ या प्रकरणात तू हेक्टरी अमुक रुपये गुणिले क्षेत्रफळ असं एकच कोष्टक दिलं आहेस. ते काढून टाक. असला आकडा मंत्रालयातल्या भाषणात शोभतो. मोह कुणी वेचायचा आणि वणवा कसा आवरायचा, हे ठरवायला तो ग्रामसभेच्या कामाचा नाही.

कोरडं पानझडी जंगल बारा महिने सारखं देत नाही. मार्च-एप्रिलात मोहफूल, उन्हाळा तापला की चार (चारोळीचं फळ) आणि विडीसाठीचं तेंदूपान, पाऊस लागला की वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळिंब) आणि रानभाज्या. म्हणून उभ्या रकान्यात महिने घे. आडवे रकाने असे: काय मिळतं, कोण आणतं, घरी किती लागतं, विकलं किती जातं आणि ते मिळवताना दुसरं काय जातं. शेवटचा रकाना बहुतेक अहवालांत नसतोच. खरा वाद मात्र तिथेच असतो.

मोहाचंच घे. फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. आग तिथेच थांबली तर ठीक, पण मार्चमधला वारा ती पुढे नेतो. तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावतात. पानं चांगली येतात हे खरं, पण चारोळीची आणि इतर झाडांची रोपं जळतात. साग, तेंदू, पळस खालून पुन्हा फुटतात. दरवर्षी आग लागत राहिली की जंगल हळूहळू त्यांचंच होतं. उपाय माहीत असलेलेच आहेत: मोहाखालचा पाला झाडून बाजूला ओढायचा किंवा जाळी अंथरायची, आणि तेंदूची झुडपं फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत जमिनीलगत छाटायची. साधारण दीड महिन्यात पान तोडणीला येतं. छाटणीला मजुरी लागते, आगीला एक काडी पुरते. तेव्हा छाटणीची मजुरी कोण देणार, हे आराखड्यात लिहिल्याशिवाय ‘वणवा बंदी’ हे शब्द लिहू नकोस.

मापांत फार गफलत होते. मोह ओला की वाळलेला, हे विचारल्याशिवाय किलो लिहायचं नाही. ओल्या फुलात बहुतेक पाणीच असतं. लोक पायलीत किंवा टोपलीत सांगतील. तेच भांडं भरून ताणकाट्यावर तोल. तेंदूच्या प्रमाण गोणीत १,००० पुडे असतात. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा, छत्तीसगडात ५० पानांचा, त्यामुळे सीमेपलीकडचा दर जसाच्या तसा शेजारी ठेवलास तर तुलना चुकेल. सरपणाच्या १० मोळ्या तोलून सरासरी काढ. आणि सरपण, भाजी, फुलं यांबद्दल बायकांशी वेगळं बस. पुरुष तेंदू आणि बांबू सांगतात, कारण त्याचा पैसा एकरकमी हाती येतो.

आता पाणी. ‘जंगल पाणी वाढवतं’ हे वाक्य सरसकट लिहू नकोस. झाडं पाणी पितातही. पाचोळा आणि मुळं असलेल्या जमिनीत पाणी जास्त मुरतं आणि ओढा अधिक काळ झुळझुळतो, एवढं म्हण, आणि तेही मोजून. १५ सेंमी व्यासाचं, १३ सेंमी उंचीचं पत्र्याचं कडं घे आणि ते ७-८ सेंमी जमिनीत ठोक. आत प्लॅस्टिकचा तुकडा अंथरून त्यावर ४४० मिली पाणी ओत आणि प्लॅस्टिक अलगद काढ. एवढं पाणी म्हणजे २.५ सेंमी पाऊस. पहिलं पाणी माती भिजवायला. दुसऱ्यांदा तेवढंच ओतून ते जिरायला लागलेली मिनिटं लिही. जळलेली जागा, न जळलेली जागा, गुरांची वाट, तिन्हीकडे पाच-पाच ठिकाणी कर. कड्याच्या बाजूनं पाणी पाझरलं तर ते मोजमाप बाद. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत मे महिन्यात हे करूच नकोस, पाणी भेगेत जातं आणि आकडा उगाच मोठा येतो. सागाखालची नोंद वेगळी ठेव: त्याच्या रुंद पानांवरून मोठे थेंब पडतात आणि खाली पाचोळा नसेल तर सागवनातही माती वाहते. ही माती कुठे जाते ते बघायला खालच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर जा. शेवटच्या बांधीच्या (बांध घातलेल्या धानाच्या वाफ्याच्या) शेतकऱ्याला विचार, धानाला पाणी कुठवर पुरतं आणि गाळ कधी उपसला.

झाडांत साठलेल्या कार्बनचं प्रकरण लहान ठेव. ०.१ हेक्टरचे चौकोन आख, १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोज, उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून. त्यावरून सूत्रानं झाडाचं कोरडं वजन काढ आणि त्याच्या ०.४७ पट कार्बन धर. सगळ्यात महागडी चूक म्हणजे व्यासाच्या सूत्रात घेर घालणं. उत्तर दहापटीहून फुगतं आणि कागदावर ते कुणाला खटकतही नाही. आधी घेराला ३.१४ नं भाग.

परागीभवनाला वेगळे रुपये लावू नकोस. ते चारोळीच्या आणि मधाच्या किमतीत आलेलंच आहे, पुन्हा धरलंस तर दुहेरी मोजणी होते. मोहाची फुलं आणि बिया वटवाघळांवर अवलंबून असतात, अस्वल तेंदू आणि चारोळीच्या बिया पसरवतं. हे शब्दांत लिही, रुपयांत नको. देवाच्या राईलाही किंमत लावायची नाही. तिथे ‘तोड नाही’ एवढा ग्रामसभेचा ठराव जोड.

मोह गळायला लागण्याआधी पहिला तक्ता ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखव. लोक दुरुस्त्या सांगतील त्या वेगळ्या शाईनं लिही आणि मूळ आकडे खोडू नकोस. दोन्हींसह प्रत मला पाठव.

सस्नेह